ओळखीचं कुणी नको

नागपूरच्या महालात बडकस चौकाजवळच्या एका लॅबमध्ये मी रक्त घेण्याचं काम करते. सिंधी वस्तीच्या जरीपटक्यात लॅबची काही कमी नाही, तरी पाकिस्तानातल्या सिंधमधून नुकतीच आलेली काही कुटुंबं तिथून मुद्दाम इतक्या लांब येतात. ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून.

आल्या आल्या या माणसांचा जीव कागदांत अडकलेला असतो. पासपोर्ट, दीर्घ मुदतीचा व्हिसा, पोलिसांकडची नोंदणी. पोलिओ डोसचा दाखलाही जपून ठेवलेला. भारत २०१४ साली पोलिओमुक्त झाला, तिकडे अजून रुग्ण सापडतात, म्हणून दाखला मागतात ते रास्तच. पण हिपॅटायटिस सी? तो रक्तातून पसरतो, पण त्याचं कोणी विचारत नाही. तिकडे साध्या तापालाही सुई, थकवा आला की सलाईन. आणि सुई प्रत्येक वेळी नवी असेलच असं नाही. लारकाना जिल्ह्यातल्या रतोदेरोत २०१९ मध्ये शेकडो मुलांना एचआयव्ही झाल्याचं उघड झालं, त्यातही वापरलेल्या सुयांचाच मोठा वाटा होता.

एक सून सासूला घेऊन आली होती. सोबत जरीपटक्यातल्या एक म्हाताऱ्या दादी, फाळणीत लहानपणी आलेल्या. त्या सिंधीत समजावून सांगत होत्या. डॉक्टरांनी हिपॅटायटिस सीच्या तपासणीची चिठ्ठी सासूची दिली होती, पण बोलता बोलता सुनेच्याही सुया निघाल्या, बाळंतपणात रक्त चढवल्याचंही निघालं. डॉक्टरांना फोन करून तिचीही तपासणी केली. सासू निगेटिव्ह, सून पॉझिटिव्ह.

"काला यरकान?" तिकडे हिपॅटायटिस सीला असंच म्हणतात. एवढं म्हणून तिने लगेच विचारलं, "व्हिसा जाएगा क्या?"

औषध आहे का, हे तिने नंतर विचारलं. कायद्यातलं मला काय कळणार? पण आमचा रिपोर्ट पोलिसांकडे जात नाही, एवढं ठासून सांगितलं. औषध तर आहेच. बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात आणि २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात त्या मोफत मिळतात.

जरीपटक्यात सिंधी समाजाच्या हॉलमध्ये शिबिरं होतात, बीपी-शुगर बघतात. चांगलंच आहे. पण हिपॅटायटिस सीच्या तपासणीचं टेबल तिथे मांडलं तर कोण बसेल बाप्पा? शेजारीण मागेच उभी! ही सोय वस्तीपासून दूर, एखाद्या गर्दीच्या दवाखान्यातच हवी, असं माझं मत.

कोर्स संपवून ती सून पुन्हा आली, दिराला घेऊन. तो खुर्चीत बसायलाच तयार नव्हता. दादींनी त्याला सिंधीत चांगलंच झापलं.