अंगणात आलेली शाळा

वडोदऱ्याच्या मराठी माणसाला डहाणू माहीत असतं ते गाडीच्या खिडकीतून. उंबरगाव मागे पडलं की घोलवड येतं, स्टेशनांच्या पाट्या मराठी होतात, चिकूच्या वाड्या दिसायला लागतात आणि आपण म्हणतो, "आला महाराष्ट्र!" उतरत मात्र सहसा कोणी नाही. या जानेवारीत मी डहाणू रोडला उतरले, कारण मला कोसबाडची टेकडी बघायची होती. 'अंगणवाडी' ही कल्पना याच भागात रुजली.

स्टेशनपासून रिक्षाने निघालं की थोड्या वेळाने चिकूच्या बागा संपतात आणि वारल्यांचे पाडे सुरू होतात. कारवीच्या कुडाची, शेणामातीने सारवलेली घरं, शेजारी गवताची उडवी. भात कापून झालेलं होतं. पावसाच्या पाण्यावर एकच पीक येतं, तेही घरापुरतं. त्यामुळे भात झोडून झालं की कितीतरी कुटुंबं पोरांसकट वीटभट्ट्यांवर कामाला जातात. काही घरांना बाहेरून कड्या होत्या.

या भागात 1945 साली ताराबाई मोडक आल्या. तेव्हा त्या 53 वर्षांच्या होत्या. आपल्या गुजरातशी त्यांचं जुनं नातं. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी अनेक वर्षं काम केलं होतं. मराठी बाई गुजराती मुलांत रमली, गुजरातीत लिहिती झाली, आणि तिथे शिकलेलं घेऊन मराठी मुलांकडे परतली. पुढे दादरचं शिशुविहार उभं राहिलं. पण तिथे येणारी मुलं शहरातली होती. खेड्यातल्या गरीब मुलाला हे शिक्षण कसं मिळेल, या प्रश्नामुळे त्या समुद्रकाठच्या बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. त्यांच्या सोबत आल्या अनुताई वाघ. लहानपणीच लग्न झालेल्या आणि काही महिन्यांतच विधवा झालेल्या अनुताई तेव्हा 35 वर्षांच्या होत्या.

बालवाडी उघडली, पण वस्तीवरची मुलं येईनात. कोणी गुरांमागे, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन. घरी कपडे नाहीत, अंघोळीचं नाव नाही, आणि शाळा म्हणजे दुसऱ्यांची जागा ही भीती. तेव्हा या दोघींनी उलटं केलं. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात न्यायची. पाड्यावर जायचं, मुलांना गोळा करायचं, नखं कापायची, केस विंचरायचे, अंघोळ घालायची आणि तिथेच झाडाखाली गाणी, गोष्टी, खेळ. मॉन्टेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. मग बिया, शंख-शिंपले, पानं, माती हीच साधनं झाली. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरं चरतात तिथेच शाळा. तान्ह्यांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा अशी एकत्र बांधलेली विकासवाडीही इथेच झाली. मोठी बहीण शाळेत यावी म्हणून धाकट्याची सोय आधी, असा तो साधा हिशेब.

टेकडीवरून उतरल्यावर एका पाड्यावरची सरकारी अंगणवाडी पाहिली. 1975 पासून देशभर या अंगणवाड्या चालतात. एक खोली, भिंतीवर पांढऱ्या रंगात तारप्याभोवती नाचणारी माणसं, कोपऱ्यात खिचडीचं पातेलं. बरीच घरं भट्टीवर गेल्यामुळे मुलं थोडीच होती. पाच-एक वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन आली. सेविकाताईंनी काही न विचारता त्याला चटईवर निजवलं आणि तिच्या हातात चिंचोके दिले. ती मोजायला बसली.

मोजता मोजता ती वारलीत काहीतरी भरभर सांगत होती. मला अर्धंच कळलं. ताईंनी तिला वारलीतच उत्तर दिलं आणि मग तेच वाक्य सावकाश मराठीत म्हटलं. मी विचारलं, "थेट मराठीत नाही शिकवत?" त्या म्हणाल्या, "अहो ताई, आधी तिचं ऐकून घेतलं तर ती उद्या येते. आधी सुधारायला गेलं तर येतच नाही."

परतीच्या वाटेवर हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्या मुलीसाठी शाळेची मराठी परकी आहे, तर इकडे आपल्या घरची मुलं शाळेत इंग्रजी, मैदानावर गुजराती बोलतात आणि मराठी त्यांना आजीपुरती उरते. दोघांची गरिबी सारखी नाही, तशी तुलना करणंही बरं नव्हे. आपल्या मुलांना जेवण आहे, दप्तर आहे, आईबाप भट्टीवर जात नाहीत. पण घरची भाषा बोललं की मोठी माणसं हसतात किंवा चुका काढतात, हे त्यांनाही कळतं.

मंडळी, आपल्या मंडळाच्या सभागृहात रविवारी मराठी वर्ग भरतो. पट कमी का, यावर दर वार्षिक सभेत चर्चा होते. गोत्री, मांजलपूर, वाघोडिया रोड अशा लांबलांबच्या सोसायट्यांतून मुलांनी गावात यायचं, असा आपला आग्रह. ताराबाई आणि अनुताईंपुढेही रिकामी बालवाडी होती, आणि मुलांना बोल लावण्याऐवजी त्या चालत पाड्यावर गेल्या.

आमच्या सोसायटीच्या आवारात कडुनिंबाखाली बरी जागा आहे. येत्या रविवारपासून संध्याकाळी पाच ते सहा तिथे मराठी गोष्टी आणि खेळ. सहा मुलं यायला तयार आहेत. ती गुजराती मिसळून बोलतील, बोलू द्यायचं. चटई आणि चिंचोके माझे. गोष्टी सांगणारी एखादी आजी मात्र हवी आहे.