झाडाचे म्हणून निर्धोक?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात मी कारकून आहे. जेवणाच्या सुट्टीत मधुमेहावरच्या जांभूळ-कारल्याच्या रसाची बाटली फिरते. "झाडाचं आहे, अपाय नाही," म्हणत एका कामगार भगिनीने डॉक्टरांच्या गोळ्याच सोडल्या.

बंधू-भगिनींनो, बिब्बाही झाडाचेच फळ. औषधी खरे, पण त्याचे तेल कातडीला लागले तर फोड उठतात. म्हणूनच अर्क आधी पांढऱ्या उंदरांना पाजतात. एकदाच मोठी मात्रा देऊन 14 दिवस वजन, सुस्ती, झटके बघतात. रोज घ्यायच्या औषधासाठी 90 दिवसांची चाचणी असते. शेवटी उंदीर मारून यकृत, मूत्रपिंड तपासतात.

एवढे करूनही गोळ्यांसोबत तो रस माणसाला मानवेल की नाही, हे उंदीर सांगत नाही. तेव्हा बाटली डॉक्टरांना दाखवा. गोळी मात्र मनाने सोडू नका.