जनुकांचीं नांवें व कामें

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मनुष्यास नांवांचा घोळ नवा नाहीं. आमच्या अँटॉप हिलच्या बिऱ्हाडांत एकाच गृहस्थास कोणी अण्णा म्हणतात, कोणी भाऊ, तर कोणी मोठे काका. परक्या पाहुण्यास तीं तीन माणसें वाटतात. जनुकांच्या शास्त्रांतही हाच घोळ आहे, हें आम्हांस पुतणीमुळें कळलें. शास्त्रीय निबंध वाचून कोणतें जनुक शरीरांत काय करतें, याच्या नोंदी ती ठरलेल्या शब्दांत लिहिते. दिवसभर वाचून सायंकाळीं चार ओळी हातीं लागतात. ‘एवढ्यासाठीं एम्. एस्सी. झालीस?’ असें आमच्या मातोश्री तिला विचारतात, आणि प्रश्न अगदींच गैर नाहीं.

१९९८ सालीं माशी, उंदीर व यीस्ट यांवर काम करणाऱ्या मंडळींनीं ‘जीन ऑन्टॉलॉजी’ नांवाचा सामाईक शब्दसंग्रह रचावयास घेतला. तत्पूर्वीं प्रत्येकाची बोली निराळी. त्यांत तीन प्रश्न विचारतात: जनुकापासून होणारें द्रव्य रेणूच्या पातळीवर काय करतें, कोणत्या मोठ्या व्यवहारांत त्याचा वांटा असतो, आणि तें पेशींत कोठें असतें. शिवाय पुरावाही लिहावा लागतो. प्रयोगांत दिसलें, कीं साम्यावरून अनुमानिलें, कीं कोणी न तपासतां केवळ यंत्रानें लाविलें. लग्नें जमवितांना येणाऱ्या माहितीस असा एक रकाना असता तर! असो.

मुंबईचेंच उदाहरण घ्या. १९५२ सालीं डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं येथील तीन माणसांच्या विलक्षण रक्ताचें वर्णन ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध केलें, तोच पुढें ‘बॉम्बे’ रक्तगट झाला. सामान्यतः तांबड्या पेशींवर ‘एच्’ नांवाचें द्रव्य असतें व त्यावरच ‘ए’ आणि ‘बी’ यांची उभारणी होते. ह्या माणसांत तो पायाच नाहीं, म्हणून साधी परीक्षा त्यांस ‘ओ’ ठरविते. परंतु ‘ओ’ रक्तांत ‘एच्’ विपुल, आणि ह्यांच्या अंगीं ‘एच्’विरुद्ध प्रतिद्रव्य तयार, तें रक्त चढविलें तर प्राणावर बेततें. संबंधित जनुकास आज ‘एफ्‌यूटी१’ म्हणतात, जुन्या निबंधांत मात्र नुसतें ‘एच्’. म्हणजे द्रव्यही ‘एच्’ आणि जनुकही ‘एच्’! वस्तुतः जनुक तें द्रव्य घडवीत नाहीं; फ्यूकोज नांवाची साखर जोडणारें विकर घडवितें. ‘एफ्‌यूटी२’चें कामही हेंच, पण लाळेसारखे स्राव करणाऱ्या पेशींत. काम एक, ठिकाण निराळें. नोंदींत दोन्ही स्वतंत्र यावीं लागतात.

करणारा व करविणारा यांतही भेद राखावा लागतो. ‘बीसीएल११ए’ हें गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन बनवीत नाहीं कीं मोडीत नाहीं. तें बनविणाऱ्या जनुकास दाबून ठेवतें. स्वयंपाक करणारी सून व ‘आज भात नको’ म्हणणाऱ्या सासूबाई यांस एकाच रकान्यांत कोण बसवील? परळच्या राष्ट्रीय प्रजनन-स्वास्थ्य संशोधन संस्थेनें स्त्रियांच्या ‘पीसीओएस’ विकाराशीं संबद्ध जनुकांचा असाच संग्रह निबंध वाचवून, वेंचून केला. पहिल्या आवृत्तींत २४१ जनुकें होतीं, २०२० च्या दुसरींत ५३३.

गेल्या वर्षीं धाकट्या सूनबाईंच्या भावावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. एका शिबिरांत मिळालेल्या पत्रकावर ‘ओ’ लिहिलें होतें. पण रुग्णालयांत एकही ‘ओ’ पिशवी जुळेना, तेव्हां ‘एच्’ची परीक्षा होऊन उलगडा झाला. शस्त्रक्रिया अकरा दिवस लांबली. अखेर त्या गटाचे एक गृहस्थ ठाण्याहून येऊन रक्त देऊन गेले; चहासुद्धां घेतला नाहीं.

सूनबाईंच्याही पत्रकावर ‘ओ’च होतें, आणि त्यांस सातवा महिना. आईबाप दोघेही सदोष जनुकाचे वाहक असले म्हणजे प्रत्येक अपत्यास चारांत एक असा हा संभव, हें पुतणीनें समजाविलें व त्याच आठवड्यांत ती त्यांस परीक्षेस घेऊन गेली. निकाल येईपर्यंत घरांत कोणी मोठ्यानें बोलत नव्हतें. सूनबाईंच्या रक्तांत ‘एच्’ निघालें. पत्रकावरचा ‘ओ’ खराच ‘ओ’ होता.