हौदातलं शेवाळ

आमच्या घरामागं सिमेंटचा हौद आहे. आमच्या कळमनुरी तालुक्यातल्या गावात उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही. आलं की भरून ठेवावं लागतं. मार्च लागला की हौदाच्या भिंती हिरव्या पडतात. मागच्या वर्षी त्या निसरड्या कडेवरून आजी घसरली अन् तिचं मनगट मोडलं.

धाकटे भाऊजी म्हणाले, मोरचूद टाका, एका रात्रीत साफ. शेवाळ मरतं हे खरं. पण ते तांब्याचं विष. ज्या पाण्यात लेकरांना आंघोळ घालायची त्यात ते नको, असं आम्ही बायकांनी ठरवलं. संडास धुण्याचं ॲसिडही नको. ब्लिचिंग पावडरीत ते मिसळलं तर विषारी वायू निघतो.

हौद तळाला जाईपर्यंत आम्ही थांबलो. उरलेलं पाणी शेवग्याला घातलं, काथ्यानं भिंती खसाखसा घासल्या, नाकातोंडाला फडकं बांधून ब्लिचिंग फासलं आणि तासाभरानं धुऊन टाकलं. पुन्हा भरल्यावर हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर टाकली. पुडा ताजा हवा. उघड्या पुड्यातला क्लोरीन उडून जातो.

तरी पंधरा दिवसांत कोपरे हिरवटले. शेवाळ उन्हावर वाढतं, आणि पाण्यातला क्लोरीन उन्हानंच लवकर संपतो! मग भंगारातला पत्रा आणून झाकण ठोकलं. काळोखात शेवाळाचं काही चालेना, डासही हटले. पत्र्याचे पैसे आजीनं आपल्या श्रावणबाळ योजनेच्या पैशांतून दिले.