शिकारी कोणत्या गावचा?

परवा सकाळची गोष्ट. चहा आटोपून आमच्या सांगलीच्या घरी सोप्यावर नित्याप्रमाणे वर्तमानपत्राचे वाचन चालले होते. कोठल्याशा अरण्यात परराज्यातून आलेले शिकारी सापडल्याची वार्ता पुतण्याने मोठ्याने वाचली आणि अंक खाली ठेवीत तो म्हणाला, "काका, हे सारे बाहेरच्या लोकांचे उद्योग. आपल्याकडची माणसे असे करावयाची नाहीत." वहिनींनी मान डोलावली. चुलत नातू सातवीत आहे. त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही तर जंगलाजवळच्या शाळेत होता ना? तुम्ही पाहिलेत का असे शिकारी?"

"पाहिले," एवढेच बोलून मी स्नानाचे निमित्त करून उठलो. परंतु चाळीस वर्षांहून अधिक काळ मनात दडवून ठेवलेली एक गोष्ट त्या पोराच्या प्रश्नाने वर आली, ती काही केल्या पुन्हा खाली बसेना. म्हणून आज ती लिहावयास घेतली आहे.

मॅट्रिक आणि त्यानंतरचा अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून मी नोकरीस लागलो, तेव्हा माझी पहिली नेमणूक पाटण तालुक्यात कोयनेच्या जलाशयाकाठच्या एका लहानशा गावी झाली. साल १९८१. दोन खोल्यांची शाळा, मागे जांभळीची राई आणि तिच्यामागे थेट सह्याद्रीचे रान. रात्री सांबराचा ठणठणीत आवाज ऐकू येई. वाईस एका शास्त्रीबुवांच्या पायाशी बसून केलेला संस्कृताचा अभ्यास ताजा होता, आणि खरे सांगावयाचे तर त्या अभ्यासाचा मला ताठाही होता.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता फासेपारध्यांचे एक कुटुंब शाळेमागील माळावर उतरले. दोन पाले, एक म्हातारी, तान्हे मूल घेतलेली एक बाई, दोघे पुरुष आणि नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा. पुरुष फासे लावून तित्तर-लावे धरीत. तो मुलगा वर्गाच्या खिडकीशी बाहेरून उभा राही आणि आमची मुले पाढे म्हणू लागली की ओठांतल्या ओठांत तोही म्हणे. मी त्याला आत बोलावले नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी गावात कुजबूज सुरू झाली की हे लोक कोठले कोण, यांचा भरवसा काय! ठाण्यात वर्दी देणारे पत्र लिहावयास गावाला शुद्ध लिहिणारा माणूस हवा होता. ते पत्र मी लिहिले. त्यात 'परके' हा शब्द दोनदा घातल्याचे मला अजून स्मरते. दुसऱ्या दिवशी शिपाई आले, पाले उठली, फासे जप्त झाले. मुलगा पाठीवर बोचके घेऊन म्हातारीमागून चालू लागला.

पुढे तीन-चार महिन्यांनी, थंडीच्या दिवसांत, तिन्हीसांजेस एक जीप शाळेपुढे येऊन थांबली. पाटी परराज्यातली. चौघे गृहस्थ उतरले. कपडे उंची, बोलणे अत्यंत अदबीचे, आणि बरोबर वाटाड्या म्हणून आमच्याच गावातला एक वजनदार मनुष्य. रात्रीपुरती शाळेची खोली मिळाली तर उपकार होतील, असे ते म्हणाले. बंदुका जीपमध्ये होत्या आणि त्या मला दिसल्या होत्या. तेव्हा आपणांस काही ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय मला नाही. मी थोडा घुटमळलो. इतक्यात त्यांच्यातील वडीलधाऱ्या गृहस्थांची दृष्टी माझ्या टेबलावरील 'शाकुंतला'च्या प्रतीवर गेली आणि त्यांनी त्यातील दोन श्लोक स्वच्छ उच्चारांत म्हणून दाखविले. झाले! मी विरघळलो. किल्ली काढून त्यांच्या हाती दिली.

रात्री दोन बार ऐकू आले. सकाळी शाळेच्या ओसरीवर सांबराची मादी पडली होती. मंडळींनी मांसाचा वाटा गावात दिला, मला नमस्कार केला आणि निघताना शाळेस देणगी म्हणून एकावन्न रुपये पुढे केले. मी ते घेतले. इतकेच नव्हे, तर रीतसर पावती फाडून दिली. ओसरी मी स्वतः चार घागरी पाणी ओतून धुतली, तरी फरशीच्या सांध्यांतील डाग राहिलेच.

मुले जमली. त्यांतील एकाने विचारले, "गुर्जी, तित्तर धरणारी ती माणसं चोर, मग ही कोण?"

मी उत्तर दिले, "पाहुणे."

वाचकहो, माझ्या सबंध नोकरीत मी शिकविलेला सर्वांत खोटा धडा तो हा. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झालेला होता. परवान्याने होणाऱ्या काही शिकारीस त्या काळी मुभा होती, हे खरे; परंतु रात्री, गाडीच्या दिव्याच्या झोतात, विनापरवाना जनावर मारणे तेव्हाही गुन्हाच होता. कायदा दोघांनीही मोडला. एकाने पोटासाठी तित्तर धरले, दुसऱ्याने करमणुकीसाठी सांबर मारले. मी पहिल्याविरुद्ध पत्र लिहिले आणि दुसऱ्यास पावती दिली.

पारध्यांकडे पाहण्याची माझी ती दृष्टी माझ्या एकट्याची नव्हती. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा गेला. पण माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाच्या मनातून तो त्यानंतर तीस वर्षांनीही गेलेला नव्हता.

आता 'बाहेरचा' कोणास म्हणावे, हेही पाहू. १९४८ पूर्वी आमच्या या टापूत सांगली, मिरज, जत, औंध, फलटण अशी संस्थाने पसरलेली होती. साताऱ्याचा मनुष्य बंदूक घेऊन चार कोस पुढे गेला की तो परराज्यातला ठरे. आमचा सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने निर्माण झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. कोल्हापूर दरबारी शिकारीसाठी चित्ते पाळीत. येथले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणविले. म्हणजे परदेशातून शिकारीच आणलेला, फक्त चार पायांचा! सारांश, या रेषा माणसांनी आखल्या आणि माणसांनीच पुसल्या.

बाहेरच्या शिकाऱ्याविषयीचा राग केवळ आपल्याच देशात आहे असेही नाही. माझा एक भाचा अमेरिकेत मोंटाना राज्यात असतो. तो लिहितो की शिकारीचे दिवस आले की परराज्यातील पाट्यांच्या गाड्या पाहून तेथील लोक कुरकुरतात. एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी १९७६ साली तेथील रहिवाशास ९ डॉलरांत परवाना मिळे, तर बाहेरच्यास २२५ डॉलरांचा एकत्रित परवानाच घ्यावा लागे. हा भेदभाव आहे म्हणून फिर्याद झाली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली राज्याचा अधिकार मान्य केला.

त्या कुरकुरीत तथ्य नाही असे मी म्हणत नाही. रानाच्या कडेला जो राहतो त्याच्या शेतात गवे आणि डुकरे शिरतात, रात्रीची राखण त्याला करावी लागते. बाहेरून येणारा मात्र चैन करून निघून जातो, त्याला तेथे उद्या उगवावयाचा नसतो. पण आपल्याकडे हा हिशेब मांडण्याचेही आता प्रयोजन उरलेले नाही. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकार बंद झाली. त्या रानाच्या भागातील कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. तेथील वाघाची वाट राधानगरी, तिलारी, गोवा अशी थेट कर्नाटकातील काळीच्या रानापर्यंत जाते. त्याला आपण कोणत्या राज्याचा रहिवासी म्हणणार?

त्या रात्री माझ्या टेबलावर जे पुस्तक होते, त्याच्या आरंभीच या प्रश्नाचे उत्तर आहे. मृगाचा पाठलाग करीत आलेला दुष्यंत त्या तपोवनास परकाच होता. तपस्व्यांनी त्याला त्याचे गाव विचारले नाही, आणि राजा आहे म्हणून वाटही मोकळी करून दिली नाही. ते बाण आणि हरीण यांच्यामध्ये येऊन उभे राहिले. मनूने कामज व्यसनांत मृगया प्रथम गणली आहे, हेही मला पाठ होते. ज्याला हे ठाऊक होते त्यानेच किल्ली दिली. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना दोष कसा द्यावा? परका शिकारी रानात आपण होऊन शिरत नाही. आतला कोणी वाट दाखवितो, कोणी मांसाचा वाटा घेतो, आणि कोणी शहाणा पावती फाडतो.

त्या एकावन्न रुपयांत थोडी भर घालून मी शाळेसाठी भारताचा नकाशा आणला होता. तेथे होतो तोवर त्याच नकाशावर छडी ठेवून मी मुलांना राज्यांच्या सीमा शिकविल्या.

काल रात्री जेवणे झाल्यावर हे सारे मी घरच्या मंडळींना सांगितले. पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, इतकी वर्षे बोलला नाहीत!" वहिनींनी मात्र निराळेच विचारले, "भावोजी, त्या खिडकीतल्या मुलाचे पुढे काय झाले?"

ते मला ठाऊक नाही. त्याचे नाव विचारण्याचेही मला तेव्हा सुचले नव्हते.