अंगठा उमटेना

बोर्लीच्या घराचे सगळे पैसे मी चेकने दिले, एक रुपयाही काळा दिला नाही. तरी त्या घराची अर्धी मालकीण एक पैसा न घेता कचेरीतून परत गेली. ही गोष्ट मला आजही पचत नाही.

मी निवृत्त झाले आणि बोर्ली पंचतनला घर बघू लागले, तेव्हा ठाण्यातल्या ओळखीच्यांचा एकच प्रश्न असायचा, ‘मग दिवेआगरला का नाही?’ दिवेआगर इथून पाच-सहा किलोमीटरवर. समुद्र तिथे, सुवर्णगणेश तिथे, आणि शनिवार-रविवारची गर्दीही तिथेच. बोर्ली हा बाजाराचा गाव. दिघी, वेळास, कुडगावपासूनची माणसं इथे एसटीतून उतरतात, मासळी-किराणा घेतात, बँकेची कामं करतात, डॉक्टरला दाखवतात आणि दुपारच्या गाडीने परत जातात. मला पाहुणी म्हणून राहायचं नव्हतं, म्हणून बोर्ली.

घर कौलारू. ओटी, माजघर, पडवी, मागे विहीर आणि साडेअकरा गुंठ्यांची वाडी. वाडी म्हणायची ती कागदावर, कारण ३ जून २०२०ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर चढलं आणि पोफळी काडीसारख्या मोडून गेल्या. सरकारने फळबागांची भरपाई वाढवली, पण ती हेक्टरी ५० हजार. इथे हेक्टरात वाडी आहे कुणाकडे? गुंठ्याला पाचशे, म्हणजे या वाडीचे होतात पावणेसहा हजार. ओरड झाल्यावर पुढे झाडावर हिशेब आला, पोफळीला ५० आणि नारळाला २५० रुपये. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. मालक डोंबिवलीला नोकरीत, त्यांनी विकायचं ठरवलं. त्यात त्यांची काही चूक नाही.

वाडी शेतजमीन, म्हणजे घेणारा शेतकरीच हवा. माझ्याकडे दाखला होता. माण तालुक्यात वडिलांची थोडी जिरायत आहे. ते गेल्यावर माझ्या भावाने वारसनोंदीत माझं नाव घातलं, एका शब्दाने कुरकुर न करता. त्या कोरडवाहू तुकड्याने मला आजवर एक पोतं बाजरी दिली नसेल, पण कोकणात घर मिळालं ते त्याच्या जोरावर. वकिलांनी दाखला बघून मान डोलावली आणि मग बोर्लीचा सातबारा पुढे ओढला.

मालकाच्या नावापुढे तीन अक्षरं होती, ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या मुलाचं नाव लावायचं, बाकीचे वारस त्याच्या पोटात. जुना फेरफार काढला तर वडिलांना वारस दोन, मुलगा आणि मुलगी. मुलगी शेजारच्या गावात दिलेली, नवरा लवकर गेला, तेव्हापासून याच घरात राहून वाडी बघणारी. गाव त्यांना आक्का म्हणतो. घर बघायला गेलो तेव्हा आम्हाला कोकम सरबत देणाऱ्या त्याच. मी त्यांना वाडी राखणारी बाई समजून बोलले होते. वादळानंतर आडवी झालेली झाडं मजूर लावून त्यांनीच हलवली आणि नवी रोपं त्यांनीच लावली. रोज सकाळी त्यांना पाणी लावायचं, तेही त्याच करत.

वकील म्हणाले, “एक तर बहिणीला खरेदीखतात घ्या, नाहीतर आधी हक्कसोड करून आणा.” मालकांनी हक्कसोड निवडलं. मी एजंटला विचारलं, “त्यांना काय मिळणार?” तो म्हणाला, “मॅडम, तुमचं टायटल क्लिअर होतंय ना?” मालकांना विचारलं, तर ते दुखावले. “आमच्यात बहीण भावाकडे मागत नाही.” शेवटी मी आक्कांनाच गाठलं. १९५६च्या कायद्यापासून वडिलांच्या वाट्यात मुलीचा हक्क आहे, २००५ साली वडिलोपार्जितातही तो मुलाइतकाच केला, २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, असं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “भाऊ एकच आहे. पैसे घेतले तर गौरीला बोलावणार कोण मला?”

श्रीवर्धनला दस्त. आधी हक्कसोड, मग खरेदीखत. हक्कसोडाला मुद्रांक तेव्हा दोनशे रुपयांचा. माझ्या घराच्या मुद्रांकात बाई म्हणून मला एक टक्का सवलत. घर घेणाऱ्या बाईला सरकार सूट देत होतं, आणि हक्क सोडणाऱ्या बाईला तेच सरकार दोनशे रुपयांत मोकळं करत होतं. ‘विनामोबदला, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’ असं दस्तात लिहिलेलं होतं. आक्कांनी सही केली, सातवीपर्यंत शिकलेल्या बाईची वळणदार सही. फोटो झाला. मग अंगठा.

अंगठा उमटेना. यंत्रावर ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, परत लाल. ऑपरेटर म्हणाला, “आजी, दाबून ठेवा.” त्यांनी दाबला. मग बाहेर नळावर हात धुऊन आल्या, पदराला पुसले. मी जवळच उभी होते, त्यांचा अंगठा मला दिसत होता. गुळगुळीत. वर्षानुवर्षं सुपारी सोलून रेघा गेलेल्या, आणि टोकाला ते न निघणारे तांबूस काळपट डाग. मागे रांग खोळंबलेली. मालक घड्याळ बघत होते. आक्का ओशाळून सगळ्यांकडे बघत होत्या, जणू त्यांच्यामुळेच काम अडलं होतं! ज्या वाडीने त्यांच्या बोटाच्या रेघा खाल्ल्या, ती वाडी सोडून द्यायला त्याच रेघा हव्या होत्या. शेवटी दुसऱ्या बोटाने जमलं. “झालं एकदाचं,” असं म्हणून त्यांनीच निःश्वास सोडला.

मला त्या भावाचा राग आला, आणि खरं सांगायचं तर आक्कांचाही आला. नाही म्हणायचं होतं त्यांनी! पण त्या नाही म्हणाल्या असत्या तर आज मी या ओटीवर बसले नसते, आणि इथे मी सुखात आहे. वीज जाते, मोठं दुखणं आलं तर माणगाव गाठावं लागतं, तरी परत जावंसं वाटत नाही. हे दोन्ही माझ्या मनात आहे आणि त्याचा मेळ मला घालता येत नाही.

आक्का आता सासरच्या खोलीत राहतात, वाडीत मात्र रोज येतात. मी पैसे देऊ केले तर घेईनात. मग अर्धेलीवर आणलं, सुपारी-नारळ निम्मे त्यांचे. हे त्यांनी मान्य केलं, कारण ते कष्टाचं. लगेच शेजारून सल्ला आला, “पीकपाहणीला तिचं नाव लागू देऊ नका, कूळ लागेल.” जन्माने मालक असलेली बाई आता कूळ होईल म्हणून मी जपून राहायचं! मी हसून विषय बदलला, पण अर्धेलीचा कागद अजून केलेला नाही. भीती मलाही आहे.

भाऊबंदकीवर बोलताना आपण नेहमी भावाभावांचंच बोलतो. बहिणींचं भांडण होत नाही, कारण त्या भांडायच्या आधीच सही करतात. ‘माहेरची साडी’ घेऊन हक्क सोडण्याची रीत प्रेमाची आहे असं मला वाटत नाही. प्रेमाने माझ्या भावाने काय केलं ते मी पाहिलं आहे.

कोकणात घर घेणार असाल तर नुसता आजचा सातबारा बघून थांबू नका. जुने फेरफार काढा, ए.कु.मॅ. दिसलं की बहिणी किती ते विचारा. आणि हक्कसोड करून आणतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. बहिणीला खरेदीखतात लिहून देणार म्हणून घ्या आणि तिच्या वाट्याचा चेक तिच्याच नावाने काढा.