एक्केचाळीस

साताऱ्याच्या चार भिंतींच्या डोंगरावरून खाली उतरायच्या आधी मी शिबिरातली पोरं मोजली. 41. शाळेच्या फाटकात पुन्हा मोजली. 41. तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला एवढं मोजता येतंच, म्हणून मी निवांत माठाकडे गेले. नाष्ट्याआधी एका ताईने नावं घेऊन हजेरी सुरू केली आणि सतराव्या नावाला कुणी ओ दिली नाही.

डोकी 41 आणि ओ आलेली नावं 40. रांगेत एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा उभा होता, हातात अर्धा राजगिऱ्याचा लाडू. आम्ही वर लाडू वाटले तेव्हा तो शेजारून येऊन रांगेत लागला होता आणि तसाच आमच्याबरोबर साताऱ्यात उतरला होता. "तू कुठल्या गटातला?" असं विचारलं तर म्हणाला, "लाडवाच्या."

त्या क्षणी मला हसू आलं नाही. एक जास्त आला म्हणजे एक कमी आहे, हे वजाबाकीचं गणित पोटात गोळा आणून गेलं. दोन दादा मोटारसायकलवरून पुन्हा डोंगराकडे पळाले. मी त्या सतराव्या नावाच्या मुलीच्या आईला फोन लावत होते. ती नोकरीवर, फोन उचलत नव्हती. अर्जावर दुसरा नंबर नव्हता. आमच्या अर्जात मुलाचं नाव, इयत्ता, रक्तगट आणि टी-शर्टचं माप असे रकाने होते. टी-शर्टचं माप विचारलं होतं, पण मुलाला न्यायला कोण येणार हे विचारलं नव्हतं.

पंचवीस मिनिटांनी एका पालकाच्या ओळखीतून घरचा फोन मिळाला. आजोबांनी उचलला. ते रोज सकाळी चार भिंतींपर्यंत फिरायला जायचे. तिथे नात दिसली, तिला म्हणाले, चल घरी, पोहे केलेत. नात निघाली. सांगून का नाही निघाली, असं तिला विचारण्यात अर्थ नव्हता. मोठ्यांचं ऐकायचं, हे आपणच तिला दिवसातून चार वेळा शिकवतो. आजोबा मात्र माझ्यावरच उखडले. "माझी नात मी नेली. त्यात कुणाची परवानगी घ्यायची?" पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, आवाज फोनच्या बाहेर येत होता.

माझ्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे मी काही बोलले नाही.

लाडवाच्या गटातल्या मुलाला एका दादाने घरी सोडलं. डोंगराच्या पायथ्याशी बांधकाम चालू होतं, तिथे त्याची आई कामाला होती. ती तासभर त्याला हाका मारत फिरत होती, हे दादाने परत आल्यावर सांगितलं. आमचं मूल सापडत नव्हतं त्या सगळ्या वेळात आम्हीही कुणाचं तरी मूल घेऊन आलो होतो, आणि त्याच्या घरी कुणी शोधत असेल हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. नोंदवहीत नाव नसलेलं पोर म्हणजे फक्त बेरजेतली चूक. हे लिहितानाही बरं वाटत नाही.

पुढच्या वर्षी शिबिराआधी बैठक झाली. एका उत्साही पालकाने 34 नियम टाइप करून आणले होते. पहिला नियम शिस्तीचा, शेवटचाही शिस्तीचा. मी म्हटलं, 34 नियम मलाही पाठ होणार नाहीत, तिसरीतल्या पोराला कुठून होणार? खूप कापाकापी झाली. काही नियमांवर वाद घालावा लागलाच नाही. अकरानंतर मैदानावर कुणी नाही. दर अर्ध्या तासाने घंटा, आणि घंटा झाली की तहान असो-नसो दोन घोट पाणी, कारण खेळात रंगलेल्या पोराला तहान उशिरा कळते. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणणाऱ्याला लगेच सावलीत आणायचं, ओल्या फडक्याने अंग पुसायचं. बरळायला लागला किंवा अंग चटका बसेल असं तापलं, तर तोंडात पाणी ओतत न बसता गार करत करत थेट दवाखाना.

नदीच्या नियमावर मुलं रुसली. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी एक दिवस न्यायचा जुना रिवाज होता. मी तो बंद केला. बुडणारं माणूस सिनेमात दाखवतात तसं हात हलवत ओरडत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, ओरडणार कुठून? पाच हात अंतरावरच्यालाही कळत नाही. 41 मुलांमागे पोहता येणारे मोठे आमच्यात तिघे. हा हिशोब मुलांना फळ्यावर मांडून दाखवला. पटला नाही, पण मी बदलला नाही.

डोंगरावर शिट्टी वाजवायची नाही, अत्तर लावून यायचं नाही, कड्याकडे दगड भिरकवायचा नाही, हे आग्या मोहोळांमुळे. एरवी मी शिट्टीवर शिबिर चालवते, पण डोंगरावर ती पर्समध्ये.

सगळ्यात अवघड गेला डब्याचा नियम. त्या वर्षी एका मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती. साताऱ्याकडच्या स्वयंपाकातून शेंगदाणा काढायचा म्हणजे काय, हे इथल्या बायकांनाच विचारा. भाजीत कूट, चटणीत कूट, खिचडीत कूट, आणि गोड काय तर चिक्की. नियम केला: डबा कुणी कुणाला द्यायचा नाही. पहिल्याच दिवशी एक चिमुरडी माझ्यासमोर उभी राहिली. "बाई, आई म्हणते वाटून खावं. तुम्ही म्हणता वाटू नये. खरं कोण?" मला उत्तर सुचेना. आयुष्यभर मीही 'एकटं खाऊ नये' असंच सांगत आले होते. शेवटी नियम उलटा केला. डबा वाटायचा नाही, पण मधल्या सुट्टीत एक गोष्ट सगळ्यांना मिळून: कलिंगड, काकडी, नाहीतर कैरीचं पन्हं. ते आम्ही करू, त्यात काय आहे ते आम्हाला माहीत. आणि त्या मुलाच्या आजाराचं गुपित ठेवायचं नाही, असं त्याच्या आईशी बोलून ठरवलं. तिसऱ्या दिवसापर्यंत त्याच्या शेजारची दोन पोरं पहारेकरी झाली होती. ती ताईच्या डब्यातही डोकावून वास घ्यायची. त्याचं औषध कुठल्या कप्प्यात आहे, हे माझ्याआधी त्यांना ठाऊक असायचं.

दुसरा नियम मोठ्यांसाठी होता आणि त्यावर बैठकीत शांतता पसरली. कुणीही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर दार लावलेल्या खोलीत थांबणार नाही. खेळाचे दादा नाही, ताई नाही, मीही नाही. पडलेल्या पोराच्या गुडघ्याला औषध लावायचं तेही व्हरांड्यात. आमचा एक जुना दादा दुखावला. "म्हणजे बाई, माझ्यावर संशय?" चांगला मुलगा होता, मला वाईट वाटलं. पण चांगल्या माणसांना वगळून केलेला नियम वाइटाला लागू करायचा कसा? वाईट माणूस तर सगळ्यांत चांगला वागत असतो. 2012 चा पॉक्सो कायदा म्हणतो की मुलाच्या लैंगिक शोषणाचं काही कळलं, नुसती शंका जरी आली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. शिबिराचं नाव खराब होईल म्हणून आपसात मिटवणं हाही गुन्हाच. हे वाचून दाखवलं. दादा दोन दिवस घुम्यासारखा वागला, मग दाराला अडकवायला स्वतःच एक वीट घेऊन आला. फळ्यावर कोपऱ्यात मुलांच्या मदतीचा फोन नंबर, 1098, लिहिला. मुलांनी ते 'दहा-नऊ-आठ' असं उलट मोजणीसारखं पाठ केलं.

आणि मोजणं मी बंद केलं. त्याऐवजी जोड्या. "जोडी?" अशी हाक दिली की प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचं मनगट धरून वर करायचं. किती आहेत हा प्रश्नच नाही, तुझा जोडीदार कुठे आहे एवढंच. संडासाला जातानासुद्धा एक दाराबाहेर. दोन दिवसांनी जोड्या बदलायच्या, नाहीतर भांडणं होतात. लाडवाच्या गटातला मुलगा त्या वर्षी पहिल्या दिवशी फाटकाशी येऊन उभा होता. त्याच्या आईला गाठून अर्ज भरून घेतला. दुसरा नंबर म्हणून मुकादमाचा दिला तिने.

राहिला फाटकाचा नियम. मुलाला न्यायला येणाऱ्याने मुलाने निवडलेला शब्द सांगायचा. शब्द चुकला तर आई-बापाला फोन. सातारा असल्यामुळे पहिल्या फेरीत तेरा मुलांनी 'कंदी पेढा' निवडला, ते बदलून घ्यावं लागलं. आजोबांची नात याही वर्षी होती. आजोबा फाटकावर आले तेव्हा मी कागद हातात धरून नियम सांगू लागले. त्यांच्या भुवया वर गेल्या. मग मला एकदम सुचलं आणि मी म्हटलं, "सुभेदारसाहेब, परवलीचा शब्द."

ते क्षणभर थांबले. टाचा जुळल्या की काय, असं मला वाटलं. "बेडूकराव," ते हळूच म्हणाले. नातीने मुद्दाम तो निवडला होता.

चार दिवस सुरळीत गेले. पाचव्या दिवशी ऊन फार होतं, आजोबा घामाघूम येऊन उभे राहिले आणि गप्प झाले.

"कासव... नाही. थांबा."

मी त्यांना ओळखत होते. त्यांचं घर ओळखत होते. नात आत पायरीवर दप्तर पाठीला लावून बसली होती आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होती.

"सुनेला लावा फोन," ते म्हणाले. मी लावला. मीटिंगमध्ये असावी, उचलला नाही. फाटकाशी चिंचेखाली बाक आहे, त्यावर आम्ही दोघं बसलो. मी त्यांना पन्हं दिलं. त्यांनी विचारलं, ह्यात शेंगदाणा नाही ना, आणि स्वतःच हसले.

"बाई, मी सांगू का?" नात आतून ओरडली.

"गप बस," आजोबा म्हणाले. "येईल आठवून."